औंढ्याचं देऊळ आणि रामनसाहेबांचं दार

मंडळी, हिंगोली कुठे आहे असं विचारलं तर पुण्या-मुंबईतले निम्मे लोक विदर्भाकडे बोट दाखवतील आणि उरलेले 'नांदेडच्या बाजूला कुठंतरी ना?' म्हणून वेळ मारून नेतील. (दुसरं उत्तर बरोबर आहे.) १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेबारा लाखांच्या आसपास वस्ती, वसमतची हळद, नर्सीचे नामदेव आणि औंढा नागनाथाचं देऊळ. आणि आता गेली काही वर्षं औंढ्याचं नाव जगभरातल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे, ते लायगो-इंडियामुळे.

लायगो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात ठेवायच्या, आत निर्वात पोकळी, दोन्ही टोकांना आरसे, मधून लेसर. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित ताणलं जातं, आणि त्या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांश भागाहूनही कमी बदलते. तेवढा बदल हे यंत्र पकडतं. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि लुइझियानात लिव्हिंगस्टनला. तिसरं औंढ्याजवळ होणार आहे. जागा का निवडली? तर जमीन शांत. रेल्वे, कारखाने, मोठी वाहतूक यांचा त्रास कमी. म्हणजे मराठवाड्याचा जो मागासलेपणा आपण नेहमी रडत सांगतो, तोच इथे क्वालिफिकेशन ठरला :-)

पण आज मला कृष्णविवरांबद्दल लिहायचं नाहीये. मला प्रश्न पडलाय तो त्या यंत्राच्या आतबाहेर जी माणसं असतील त्यांचा. विज्ञानाच्या संस्थांचं दार कुणासाठी उघडतं, कधी उघडतं, आणि कुणी उघडतं? औंढ्यात हा प्रश्न पडणं तसं साहजिकच आहे. कारण या गावात दाराबद्दलची एक गोष्ट सातशे वर्षं सांगितली जातेय.

नामदेव महाराज औंढ्याला आले आणि देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. जातीने शिंपी. पुजाऱ्यांना अडचण झाली, रस्ता अडतो म्हणाले, मागे जा. नामदेव निमूट देवळाच्या मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केलं. तर म्हणे अख्खं देऊळच फिरलं आणि नामदेवांच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं. आजही तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, आणि गावकरी पुरावा म्हणून तोच दाखवतात. इंजिनिअरच्या डोक्याने विचार केला तर हेमाडपंती दगडी देऊळ रोटेट होणार नाही हे मलाही कळतं. पण गोष्ट ज्याने रचली त्याच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते. या गोष्टीत पुजाऱ्यांचं मन बदलत नाही. देव बदलतो, दगड बदलतो, पुजारी तिथेच!

असो. आता सरळ १९३३ सालात येऊ.

त्या वर्षी मुंबई विद्यापीठातून कमला भागवत नावाची मुलगी बी.एस्सी. झाली. रसायन आणि भौतिक हे विषय, गुणवत्ता यादीत पहिली. घरात विज्ञान होतंच. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या आयआयएस्सीमध्ये शिकलेले. त्यामुळे पोरीनेही तिथेच अर्ज केला. आयआयएस्सीचे संचालक त्याच वर्षी झाले होते सर सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, देशभर नाव, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? मुलगी आहे म्हणून. मार्कांचा, विषयाचा, अनुभवाचा प्रश्नच नाही.

ही कमला भागवत म्हणजे दुर्गा भागवतांची सख्खी धाकटी बहीण. ज्यांनी १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून उघड विरोधाची भूमिका घेतली त्या दुर्गाबाई. तेव्हा या घरातली मुलगी 'बरं सर' म्हणून परत येईल अशी अपेक्षा करणंच चूक होतं. गांधींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या, रामनांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मला प्रवेश नाकारायचं कारण सांगा, मी इथून हलणार नाही.

रामनांनी शेवटी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर प्रोबेशन, म्हणजे रीतसर विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. काम गाइडच्या पसंतीला उतरलं तरच मान्यता. गाइड सांगेल तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. मुलांचं लक्ष विचलित झालं तर त्याची जबाबदारी मुलीवर! ही शेवटची अट वाचून हसू येतं, पण थोडं थांबून विचार केला तर जरा कमी हसू येतं. अशी वाक्यं आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूपासून ते प्रोजेक्ट अलोकेशनपर्यंत अजून ऐकू येतात. फक्त आता ती ईमेलमध्ये कुणी लिहीत नाही.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. याचं त्यांना आयुष्यभर वाईट वाटलं, अपमान त्या विसरल्या नाहीत. पण काम केलं. श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर. वर्षभरात रामनांचं समाधान झालं, प्रवेश कायम झाला, आणि त्यानंतर मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये एम.एस्सी. मग शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिज. तिथे आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम, बटाट्यावर प्रयोग करता करता सायटोक्रोम सी हे एन्झाइमच्या साखळीतलं प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही असतं हा शोध. प्रबंध किती पानांचा? चाळीसएक! (आमच्या बी.ई.च्या प्रोजेक्ट रिपोर्टची जाडी आठवली आणि शरम वाटली.) १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न, आणि मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग. कडधान्यं, नीरा, गरिबाच्या ताटात काय पडतं यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुढे संस्थेच्या संचालकही झाल्या. ग्राहक चळवळीतही होत्या, १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू करणाऱ्या नऊ बायकांपैकी एक. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आपल्या शाळेच्या पुस्तकात रामन होते. रामन परिणाम, २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, भाषण स्पर्धा. कमला सोहोनी मला तरी शाळेत भेटल्या नाहीत.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. रामनांना व्हिलन करून मोकळं होणं फार सोपं आहे. माणूस गुंतागुंतीचा होता. कमलाबाईंना नाकारल्यानंतर वर्षभरानेच, १९३४ मध्ये, त्यांनी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली, आणि १९३५ मध्ये तिथे फेलो म्हणून निवडल्या गेल्या जानकी अम्माल. केरळातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ, थिय्या समाजातल्या, म्हणजे बाई आणि वर 'खालच्या' मानलेल्या जातीतल्या. युरोपातल्या बड्या संस्थांशी तुलना करून बघा. लंडनची रॉयल सोसायटी १६६० सालची. १९०२ मध्ये हर्था आयर्टन या संशोधिकेचं नाव सुचवलं गेलं तर उत्तर मिळालं की विवाहित स्त्रीला कायद्याने वेगळं अस्तित्व नाही, सबब फेलो होता येणार नाही. पहिल्या स्त्री फेलो तिथे निवडल्या गेल्या १९४५ मध्ये. पॅरिसच्या अ‍ॅकॅडमीने १९११ मध्ये खुद्द मारी क्युरींना अगदी थोडक्या मतांनी पाडलं, आणि त्याच वर्षी बाईंना दुसरं नोबेल मिळालं. या सगळ्यांपुढे रामनांची अ‍ॅकॅडमी दहा वर्षं पुढे होती म्हणायची.

मग अडचण कुठे होती? माझ्या मते फेलोंच्या यादीत एखादं नाव येणं वेगळं, आणि रोजच्या प्रयोगशाळेत बरोबरीने बसायला मिळणं वेगळं. याचं उदाहरण अ‍ॅना मणी. या १९४० मध्ये रामनांच्याच प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणकांवर प्रकाश टाकून त्यांचा वर्णपट घ्यायचा, एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास एक्स्पोजर, त्यामुळे रात्र-रात्र लॅबमध्ये. पाच शोधनिबंध लिहिले, सगळे एकटीच्या नावावर. तुम्ही म्हणाल, वा! पण एकटीच्या नावावर का? तर रामनांच्या लॅबमध्ये मुलगे आणि मुली यांनी मिसळायचं नाही असा कडक शिरस्ता होता. मुलग्यांच्या आपसात चर्चा चालत, वाद होत, 'अरे हे करून बघ' असं कुणीतरी सुचवे. मणी त्या घोळक्याच्या बाहेर. आपल्या धंद्यात ज्यांनी काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. निम्मं डिझाइन मीटिंग रूममध्ये ठरत नाही, ते खाली टपरीवर ठरतं. टपरीवर जो नाही तो सोमवारी येऊन फक्त निर्णय ऐकतो.

पुढे मद्रास विद्यापीठाने मणींना पीएच.डी. नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. पाच पेपर होते, एम.एस्सी. नव्हती! त्या इंग्लंडला हवामानाची उपकरणं शिकायला गेल्या, १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, आणि परदेशातून आणावी लागणारी उपकरणं इथे बनवायला लावली. शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या स्टॉपवर उतरणाऱ्या लोकांनो, पुढच्या वेळी त्या इमारतीकडे जरा मान वर करून बघा.

नंतरचा मोठा टप्पा थेट २००३ मध्ये. रामनांच्याच अ‍ॅकॅडमीने विज्ञानातल्या स्त्रियांसाठी एक समिती नेमली. २००८ मध्ये तिथून 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक निघालं, भारतातल्या शंभरेक स्त्री वैज्ञानिकांच्या गोष्टी, बऱ्याचशा त्यांच्याच शब्दांत. संपादक दोघं, राम रामस्वामी आणि रोहिणी गोडबोले. गोडबोले पुण्याच्या. हुजूरपागेत शिकल्या, जिथे तेव्हा मुलींना सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहशास्त्र होतं, म्हणून स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी विज्ञान वेगळं शिकावं लागलं. मग स. प., आयआयटी मुंबई, अमेरिकेत पीएच.डी., टीआयएफआर, मुंबई विद्यापीठ. आणि १९९५ पासून आयआयएस्सी! म्हणजे ज्या संस्थेने १९३३ मध्ये एका मराठी मुलीला दारातून परत पाठवलं, तिथल्याच प्राध्यापक असलेल्या दुसऱ्या मराठी बाईने, त्याच संचालकाने स्थापलेल्या अ‍ॅकॅडमीच्या वतीने, पंचाहत्तर वर्षांनी हे पुस्तक काढलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात त्या गेल्या.

जाता जाता, लीलावती. भास्कराचार्यांची मुलगी म्हणून आपण तिला ओळखतो, ग्रंथात तिला उद्देशून गणितं आहेत. तिने ती सोडवली का, तिची उत्तरं काय होती, यावर कुणी एक ओळ लिहून ठेवलेली नाही.

गोडबोलेंच्या या कामाची मला पटणारी बाजू अशी की प्रश्न 'बायका विज्ञानात का येत नाहीत' असा ठेवलाच नाही. एम.एस्सी.पर्यंत मुली भरपूर असतात, पीएच.डी.लाही असतात. गळती त्यानंतर होते, नोकरी देताना, बढती देताना, समितीवर नेमताना. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट ठीक आहे, पाइपलाइनमध्ये लीक आहे, आणि आपण मात्र इनपुटलाच समुपदेशन करत बसलोय. नंतर अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०१५ मध्ये लिंगसमानतेसाठी कार्यगट नेमला, इंडियन फिजिक्स असोसिएशनने २०१७ मध्ये. २०१९ मध्ये हैदराबादला भौतिकशास्त्रज्ञांनी तीन दिवस बसून याच विषयाची सनद तयार केली. इन्सा या राष्ट्रीय अकादमीला २०२० मध्ये चंद्रिमा शाहा या पहिल्या स्त्री अध्यक्ष मिळाल्या. संस्था १९३५ सालची, तुम्हीच वजाबाकी करा.

आता लायगोकडे. १९९७ मध्ये बॅरी बॅरिश यांनी एक गोष्ट केली, जी मला त्यांच्या नोबेलइतकीच मोठी वाटते. तोपर्यंत लायगो हा कॅलटेक आणि एमआयटी या दोन विद्यापीठांचा घरचा कारभार होता. बॅरिशनी यंत्र चालवणारी प्रयोगशाळा आणि विज्ञान करणारा समूह वेगळे केले. समूहात कुठलाही गट येऊ शकतो, काय काम करणार ते लिहून द्यायचं आणि करायचं. लिनक्सवाल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी इंडिगो नावाचा गट केला आणि तेही यात सामील झाले. आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी तर त्याच्याही आधीपासून गोंगाटातून लाटेची खूण शोधायची गणितं करत होते. ११ फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला तेव्हा पेपरवर हजाराहून जास्त नावं होती, एबीसीडीच्या क्रमाने, त्यात भारतातल्या संस्थांमधली तीसहून अधिक. मोठा प्रोफेसर आधी आणि स्टुडंट शेवटी अशी उतरंड नाही.

त्या दिवशी समूहाच्या प्रवक्त्या म्हणून बोलल्या गॅब्रिएला गोन्झालेस, अर्जेंटिनाच्या. आरशांवरच्या कामात अग्रेसर नर्गिस मवालवाला, कराचीत वाढलेल्या पारशी बाई. लहानपणी समोरच्या सायकलवाल्याकडून पाने-हत्यारं आणून सायकल दुरुस्त करायच्या. आपण समलिंगी आहोत हे त्या उघडपणे सांगतात, आणि २०२० मध्ये एमआयटीच्या विज्ञान शाखेच्या डीन झाल्या. तरी नोबेल २०१७ मध्ये तीन पुरुषांना मिळालं, कारण नोबेलच्या नियमात तिघांपेक्षा जास्त बसत नाहीत. हजार नावांचा पेपर आणि तीन खुर्च्या.

हे झालं बाहेरचं. औंढ्यात काय? इथला इतिहास वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला विज्ञान शिकायचं तर आधी भाषा ओलांडायची. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, आणि मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या पोरांना पहिल्यांदा कॉलेज, वसतिगृह आणि प्रयोगशाळा एका जागी मिळाली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं. म्हणजे हिंगोलीच्या जवळ विद्यापीठ येऊन तीसेक वर्षंच झालीत. १९६६ ची मराठी विज्ञान परिषद, जयंत नारळीकरांचं मराठी लेखन (२०२१ च्या नाशिक संमेलनाचे ते अध्यक्ष होते, मे २०२५ मध्ये गेले), यांनी भाषेची भिंत थोडी खाली आणली, पण भौतिकशास्त्राचं एम.एस्सी. अजून इंग्रजीतच होतं.

आणि जात. विज्ञानातल्या समावेशाची चर्चा आपल्याकडे पटकन स्त्री-पुरुषांपुरती होते, कारण ती जरा सोयीची असते. २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांमधल्या शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात सूट दिलेल्या संस्थांची यादी आहे. त्यात टीआयएफआर आहे, आणि होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आणि तिच्या घटक संस्था आहेत. त्या घटकांमध्ये इंदूरचं आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था येतात, आणि या दोन्ही लायगो-इंडियाच्या भागीदार आहेत. 'गुणवत्ता' हे कारण नेहमीचंच. कमला भागवतची गुणवत्ता यादीतली जागा पहिली होती, एवढंच इथे नोंदवतो.

कळमनुरी-औंढ्याच्या बाजूला आंध आदिवासींची गावं आहेत, बंजारा तांडे आहेत, हंगामात ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. यंत्राला शांतता लागते, म्हणजे आसपास मोठे कारखाने नकोत. गावाने शांतता द्यायची आणि बदल्यात गेटवरची सिक्युरिटी आणि कॅन्टीन घ्यायचं, असा सौदा व्हायला वेळ लागत नाही. आपल्या हिंजवडीत दुसरं काय झालंय? ज्यांच्या जमिनीवर आपली ऑफिसं उभी आहेत त्यांची मुलं आत कोडिंग करतायत की बाहेर कॅब चालवतायत, ते पार्किंगमध्ये एक चक्कर मारली की कळतं.

लायगोत सगळेच काही पीएच.डी. लागत नाहीत. निर्वात नळ्यांची वेल्डिंग तपासणारा, पंप सांभाळणारा, लेसरचं अलाइनमेंट करणारी, कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला बसून सिग्नल बघणारी, डेटाचे सर्व्हर चालवणारी माणसं लागतात. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये, नांदेडच्या बी.एस्सी.त यातलं काय शिकवता येईल हे आजच ठरवता येतं.

तत्त्वतः मंजुरी शोध जाहीर झाल्यावर सहाच दिवसांत, १७ फेब्रुवारी २०१६ ला मिळाली. पूर्ण मंजुरीला २०२३ चा एप्रिल उजाडला, २६०० कोटी रुपये. ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी दिल्लीहून पायाभरणी केली. यंत्र २०३० च्या आसपास सुरू व्हायचं नियोजन आहे. आज औंढ्याच्या झेडपी शाळेत नववी-दहावीत असलेली मुलगी तोवर ग्रॅज्युएट होत आलेली असेल. अकरावीला सायन्स घ्यायचं तर तिला कॉलेज किती लांब पडतं, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता आहे आणि जवळपास मुलींचं वसतिगृह आहे का, हे प्रश्न तिच्यासमोर या जूनमध्येच उभे राहतील.